क्रेडिट म्हणजे काय वं माय?

आज रेडिओवर बोलायची पाळी आमच्या गटाची. आम्ही चांदूर बाजार तालुक्यातल्या एका खेड्यातल्या दहा बाया. कोणी शेतात रोजानं जाते, कोणाचं संत्र्याचं थोडं झाड आहे, कोणी शिवणकाम करते, कोणी पापड-शेवया. बोलायला एकजण बसली आहे, पण मजकूर सगळ्यांनी मिळून ठरवला आहे. म्हणून आम्ही ‘आम्ही’ असंच म्हणणार.

सुरुवात एसटीपासून करतो. अमरावतीच्या स्टँडवर उभं राहून तुम्ही नुसतं विचारून पाहा, “भाऊ, चांदूरची गाडी लागली का?” तो भाऊ उलट विचारेल, “कोनतं चांदूर? बाजार का रेल्वे?” दोन्ही गावं आपल्याच जिल्ह्यातली. पण एका चांदूरची गाडी सोडून दुसऱ्या चांदूरच्या गाडीत बसलं की झालं, संध्याकाळी लेकरं घरी वाट पाहत बसतात. आता तर आपल्या चांदूर बाजारलाही रेल्वे थांबते, म्हणजे नव्या माणसाचा घोटाळा आणखीच वाढला!

इंग्रजीतल्या काही शब्दांचंही असंच आहे. शब्द एक, आणि त्याच्या गाड्या जातात चार दिशांना. असा एक शब्द आम्हाला चुकीच्या गाडीत बसवून गेला. तो शब्द म्हणजे ‘क्रेडिट’.

आधी आमच्यावर काय गुजरलं ते ऐका.

आमचा गट सुरू होऊन दोन वर्षं झाली होती. दर आठवड्याला बैठक, बचत, आपसात कर्ज, परतफेड, वहीत नोंद, सगळं नीट चाललं होतं. मग एका बँकेच्या शाखेत आमचं कर्जाचं प्रकरण गेलं. सह्या झाल्या, अंगठे झाले, फोटो झाले. काही दिवसांनी अध्यक्ष ताईच्या मोबाईलवर इंग्रजीत संदेश आला. त्यात दोन गोष्टी आम्हाला वाचता आल्या. एक ‘क्रेडिट’ हा शब्द, आणि दुसरा २,००,००० हा आकडा.

त्याच्या थोडं आधी, २०२४ च्या ऑगस्टमध्ये, राखीच्या तोंडावर लाडक्या बहिणीचे दोन महिन्यांचे ३,००० रुपये खात्यात आले होते. तेव्हाही संदेशात ‘क्रेडिट’ हाच शब्द होता. त्यामुळे आमच्या डोक्यात पक्कं बसलं होतं की क्रेडिट म्हणजे पैसे आले. आपले झाले. परत द्यायचे नाहीत.

“काहून वं, आपल्या गटाच्या खात्यात तं दोन लाख दिसते!”

“सरकारनं टाकले असन, माय.”

“हाव ना बाप्पा. गटाचं काम चांगलं हाये म्हनून देल्ले असन.”

दिवाळी जवळ आली होती. आम्ही ५०,००० रुपये काढले आणि दहा जणींनी पाच-पाच हजार वाटून घेतले. कोणी लेकीला साडी घेतली, कोणी दुकानाची जुनी उधारी फेडली, कोणी घरावर पत्रा टाकला. आमच्या सचिव ताई तेवढ्या म्हणत होत्या, “थांबा वं, बँकेत एकदा पुसून घेऊ.” पण त्या दिवशी त्यांचं ऐकायला कोणालाच वेळ नव्हता.

सहा महिन्यांनी पासबुक भरून आणलं, तर शिल्लक वाढलेली. पण पुढे दोन इंग्रजी अक्षरं, ‘डीआर’. आम्हाला वाटलं, ५०,००० च्या वर रक्कम आहे म्हणजे बरंच आहे. काउंटरवरच्या ताईंनी सांगितलं, “बाई, हे तुमचे पैसे नाहीत. हे तुमच्याकडून बँकेला येणं आहे. व्याज धरून.”

आमच्या पायाखालची जमीनच सरकली. आणि मग माणूस घाबरला की जे करतो तेच आम्ही केलं. दोष द्यायला कोणीतरी शोधलं. दहा जणींत इंग्रजी अक्षरं वाचू शकणाऱ्या एकट्या सचिव ताई. “तिले समदं मालूम होतं, तिनं सांगतलं नाही,” असं बोलणं सुरू झालं. ज्या बाईनं थांबा म्हटलं होतं, तिच्यावरच आळ आला. त्यांनी वही आणून अध्यक्ष ताईच्या ओट्यावर ठेवली आणि बैठकीला येणं बंद केलं. दोन महिने आमची वही कोणी लिहिली नाही.

पैसे पुढे फिटले. ते कसे, ते शेवटी सांगतो. आधी त्या शब्दाकडे वळतो, कारण तो नीट कळला असता तर यातलं काहीच झालं नसतं.

क्रेडिटला आपल्या मराठीत एक शब्द नाही, निदान पाच-सहा आहेत. जमा, उधार, कर्ज, पत, श्रेय आणि विश्वास. यातले काही एकमेकांच्या उलट वाटतात. जमा म्हणजे आपल्याकडे आलेलं आणि कर्ज म्हणजे आपल्याला द्यायचं. मग एकाच शब्दात दोन्ही कसं बसलं?

याचं उत्तर त्या शब्दाच्या मुळात आहे. हा शब्द लॅटिन नावाच्या जुन्या भाषेतून इंग्रजीत आला. तिथे त्याचा मूळ अर्थ ‘विश्वास ठेवणं’ असा आहे. आणि गंमत म्हणजे तो आपला दूरचा नातेवाईक निघतो. संस्कृतातला ‘श्रद्धा’ हा शब्द आणि लॅटिनमधला तो शब्द, दोन्ही फार जुन्या एकाच मुळातून फुटलेले आहेत, असं भाषेचा अभ्यास करणारे सांगतात. म्हणजे आपल्या लेकीचं नाव श्रद्धा असेल, तर बँकेतलं क्रेडिट तिच्या लांबच्या बहिणीसारखं आहे म्हणा ना.

आता हा धागा धरा. क्रेडिट म्हणजे विश्वासानं दिलेलं. पुढचा प्रश्न एवढाच की कोणी कोणाला दिलं?

आपण आपले पैसे बँकेत ठेवतो तेव्हा आपण बँकेवर विश्वास ठेवतो. देणाऱ्या आपण, घेणारी बँक. ती झाली जमा. बँक आपल्याला पैसे देते तेव्हा ती आपल्यावर विश्वास ठेवते. देणारी बँक, घेणाऱ्या आपण. ते झालं कर्ज. शब्द तोच, पण देणारा बदलला की अर्थ उलटा होतो.

आपल्या जुन्या दुकानदारांच्या वह्यांत हाच हिशोब होता. एका बाजूला जमा, एका बाजूला नावे. नियम सोपा होता. देणाऱ्याच्या खात्यावर जमा, घेणाऱ्याच्या नावे. बँकेचं पासबुक याच नियमानं चालतं. फक्त ते बँकेच्या बाजूनं लिहिलेलं असतं, हे आपल्याला कोणी सांगत नाही. त्यात ‘सीआर’ म्हणजे क्रेडिट, जमा, आपण बँकेला दिलं. ‘डीआर’ म्हणजे डेबिट, नावे, आपण बँकेकडून घेतलं.

म्हणून शेवटच्या रकान्यात शिल्लक पाहताना नुसता आकडा पाहू नका. त्याच्यापुढची दोन अक्षरं पाहा. सीआर असेल तर तेवढे पैसे बँक आपल्याला देणं लागते. डीआर असेल तर तेवढे आपण बँकेला देणं लागतो. काही पासबुकांत ही अक्षरं नसतात, रकाने वेगळे असतात. मग काउंटरवर मराठीत विचारायचं, “हे आमचं येणं आहे का देणं?” एवढा प्रश्न विचारायला इंग्रजी लागत नाही.

आता आमच्या त्या दोन लाखांचं काय होतं ते सांगतो. त्याला म्हणतात ‘कॅश क्रेडिट’, बोलताना सगळे ‘सीसी’ म्हणतात. गटांना पुष्कळ ठिकाणी कर्ज या पद्धतीनं मिळतं. त्यात बँक एक मर्यादा ठरवून देते. आमची मर्यादा २,००,००० होती. याचा अर्थ दोन लाख मिळाले असा नाही. गरज पडली तर दोन लाखांपर्यंत उचलू शकता, असा आहे. विहिरीला पाणी आहे, बादली आपण टाकायची. जेवढं काढलं तेवढ्यावरच व्याज, न काढलेल्यावर व्याज नाही.

आम्ही ५०,००० काढले. समजा व्याज वर्षाला १२ टक्के असलं, तर ५०,००० वर महिन्याला साधारण ५०० रुपये होतात आणि सहा महिन्यांत ३,००० च्या वर जातात. ते न भरल्यानं मुद्दलाला चिकटत गेले, म्हणून रक्कम वाढलेली दिसली. आणि आम्ही समजलो, आपली शिल्लक वाढली!

सीसी वाईट नाही, हेही सांगतो. धंद्यासाठी ती चांगली सोय आहे. पापडाच्या हंगामात उडदाची डाळ घ्यायला पैसे काढले, माल विकला की परत भरले. भरले की तेवढी मर्यादा पुन्हा मोकळी होते. पण साडी आणि पत्रा काही विकून पैसे देत नाहीत. आमची चूक पैसे काढण्यात नव्हती, कशाचे पैसे आहेत हे न विचारता काढण्यात होती.

क्रेडिट लिहिलेली आणखी दोन कार्डं आपल्या घरात येतात, त्यांची ओळख करून घ्या.

पहिलं किसान क्रेडिट कार्ड. ही योजना १९९८ साली सुरू झाली. हे पीककर्ज आहे. कार्ड हातात आलं म्हणून बक्षीस मिळालं असं नाही. ते वेळेत फेडलं तर मोठी सवलत मिळते. आपल्या महाराष्ट्रात ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडणाऱ्याला व्याज पडू नये, अशी योजना आहे. तिला नाव आहे डॉ. पंजाबराव देशमुखांचं, आपल्याच अमरावती जिल्ह्यातल्या पापळ गावच्या, देशाचे कृषिमंत्री झालेल्या भाऊसाहेबांचं. पण मुदत चुकली की ही सवलत गेली. म्हणून घरधन्याला तारीख विचारून ठेवा आणि ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा.

दुसरं साधं क्रेडिट कार्ड. हल्ली फोन करून, गावात येऊनही ते देतात. एटीएमचं कार्ड दिसायला तसंच असतं, पण ते डेबिट कार्ड आहे. डेबिट कार्डानं आपल्या खात्यातले आपले पैसे निघतात. क्रेडिट कार्डानं बँकेचे पैसे खर्च होतात आणि महिन्याचं बिल येतं. त्या बिलावर एक मोठी रक्कम असते आणि एक छोटी. छोटी रक्कम भरली तरी चालतं असं वाटतं, पण उरलेल्यावर व्याज लागतं. पुष्कळ कार्डांवर ते महिन्याला ३ टक्क्यांच्या आसपास असतं. महिन्याला ३ म्हणजे वर्षाला ३६. सावकाराचं व्याज आठवलं ना?

आता उधार. हा शब्द आपल्याला शिकवायला नको. कृषी केंद्रातून बी-बियाणं, खत, फवारणीचं औषध उधार येतं आणि कापूस निघाला की हिशोब होतो. किराण्याची वही वेगळी. आपल्या आजी सवाई-दिढी सांगायच्या. पेरणीला एक पायली ज्वारी घेतली तर सुगीला सव्वा किंवा दीड पायली परत. तेही क्रेडिटच होतं, फक्त त्याला इंग्रजी नाव नव्हतं.

पण एक गोष्ट आमच्या चर्चेत निघाली, ती तुम्हालाही विचार करायला लावेल. आपण नेहमी उधार घेणाऱ्याच असतो का? आंबिया बहाराची संत्री झाडावर असताना व्यापारी बागेचा सौदा करतो. थोडा इसार देतो, माल तोडून नेतो, बाकीचे पैसे नंतर. म्हणजे त्या महिना-दोन महिन्यांत आपण व्यापाऱ्याला उधार दिलेलं असतं. देणाऱ्या आपण आहोत. पण दुकानदार आपलं उधार वहीत लिहितो आणि आपण दिलेलं उधार कुठे लिहितो? तोंडी. “देतो ना वहिनी, पळून जातो का?” मग भाव पडला, माल सडला, अशी कारणं सुरू होतात. तेव्हा सौद्याची चिठ्ठी करा. तारीख, झाडं किती, ठरलेली रक्कम, मिळालेला इसार, बाकी आणि बाकी द्यायची तारीख, खाली दोघांची सही. दुकानदार जर आपल्यावर वही ठेवतो, तर आपणही ठेवायला काय हरकत?

यानंतर येतो आपला सगळ्यात सुंदर शब्द, पत. मराठीत ‘तिची गावात पत आहे’ म्हटलं की शब्दाला किंमत आहे आणि लोक तिला चार पैसे देतात, असे दोन्ही अर्थ एकदम येतात. इंग्रजीतल्या क्रेडिटचंही अगदी तेच. म्हणून क्रेडिट सोसायटीला आपण पतसंस्था म्हणतो.

त्यामागे मोठा इतिहास आहे. १८७५ साली पुणे आणि नगर भागातल्या शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला आणि कर्जाचे कागद, वह्या जाळल्या. त्या कागदांवर अंगठा केलेल्या कितीतरी जणांना त्यात काय लिहिलं आहे हे वाचता येत नव्हतं. पुढे १९०४ साली देशात सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा झाला. शेतकऱ्यांनी एकत्र यावं, एकमेकांच्या पतीवर कर्ज घ्यावं आणि सावकारापासून सुटावं, हा त्याचा उद्देश. आपले बचत गट त्याच वाटेवरचे. १९९२ साली नाबार्डनं ५०० गटांना बँकेशी जोडायचा प्रयोग सुरू केला. आज गटाच्या १० लाखांपर्यंतच्या कर्जाला बँकेनं तारण मागू नये, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. सोनं नाही, सातबारा नाही. मग बँक कशावर देते? आपल्या बैठकांवर, आपल्या वहीवर, आपल्या परतफेडीवर. म्हणजे पतीवर.

इथे एक सावधगिरी सांगतो. नावात पत आहे म्हणून पैसे सुरक्षित असं समजू नका. बँकेतल्या ठेवींना माणशी ५ लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं. पतसंस्थेतल्या ठेवींना ते विम्याचं संरक्षण नसतं. जास्त व्याजाचा लोभ दाखवला तर हे आधी आठवा.

पतीचा हल्ली आकडाही निघतो. त्याला क्रेडिट स्कोअर म्हणतात, बोलताना लोक ‘सिबिल’ म्हणतात. तो ३०० ते ९०० मध्ये असतो. जितका जास्त तितकी पत चांगली. हप्ता चुकला की तो खाली येतो. आणि ध्यानात ठेवण्यासारखी गोष्ट ही की दुसऱ्याच्या कर्जाला आपण जामीनदार राहिलो आणि त्यानं भरलं नाही, तर आपलीही पत खाली येते. “फक्त सही कर वहिनी” म्हणत कोणी कागद पुढे केला, तर तो कागद घरी आणून वाचल्याशिवाय सही करू नका. ज्या कंपन्या हा आकडा काढतात, त्या प्रत्येकीकडून वर्षातून एकदा आपला अहवाल फुकट मिळतो. घरातल्या शिकलेल्या पोरीकडून तो काढून घ्या. आपल्या नावावर आपल्याला माहीत नसलेलं कर्ज तर नाही ना, हे त्यात दिसतं.

आता सगळ्यात फसवं क्रेडिट. आमच्यातल्या एका काकूंना फोन आला. समोरचा माणूस गोड बोलत होता, “मावशी, चुकून तुमच्या नंबरवर माझे ४,००० रुपये गेले. माझी माय दवाखान्यात आहे. परत पाठवा ना.” त्याच वेळी मोबाईलवर संदेश आला. त्यात ‘क्रेडिट’ आणि ४,०००. काकूंना दया आली. नातवाला सांगून त्यांनी ४,००० पाठवले. दुसऱ्या दिवशी बँकेत गेल्या तर खात्यात त्याचे पैसे आलेलेच नव्हते. तो संदेश बँकेचा नव्हता, त्याच माणसानं पाठवलेला होता. काकूंचे स्वतःचे ४,००० गेले.

तेव्हा मैत्रिणींनो, संदेशातलं क्रेडिट खरं मानू नका. खात्यातलं क्रेडिट खरं. आधी शिल्लक तपासा. खरंच कोणाचे पैसे चुकून आले असतील तर बँकेत जाऊन सांगा, बँक ते परत पाठवेल. दुसरं, पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन फक्त पैसे द्यायला लागतो. “पैसे क्रेडिट करतो, पिन टाका” असं कोणी म्हटलं की फोन ठेवा. आणि फसवणूक झालीच तर लाजून घरात बसू नका. ताबडतोब १९३० या नंबरवर फोन करा आणि बँकेलाही कळवा. जितक्या लवकर सांगाल तितका पैसा अडवला जाण्याचा संभव जास्त. काकूंनी चार दिवस कोणाला सांगितलंच नाही. आपल्याला हसतील म्हणून.

थोडं हसूही होऊ द्या. अमरावतीला कॉलेजात शिकणारी आमच्या एकीची पोट्टी फोनवर म्हणाली, “आई, माह्ये दोन क्रेडिट राह्यले.” आई घाबरली, “कोनाचं घेतलं वं तूनं? किती द्या लागते?” पोट्टी हसून लोटपोट. कॉलेजात क्रेडिट म्हणजे अभ्यासाचं माप. साधारण १५ तास शिकवणीचा एक क्रेडिट धरतात. ठरावीक क्रेडिट जमले की पदवी. तेही जमाच, पण पैशाचं नाही, केलेल्या अभ्यासाचं.

आणि शेवटचा अर्थ, श्रेय. कोणी काम केलं आणि नाव कोणाचं झालं, तेही क्रेडिट. हा अर्थ निघाला तेव्हा आमच्या बैठकीत कोणी हसलं नाही. निंदण आपण करतो, कापूस आपण वेचतो, संत्र्याला पाणी द्यायला रात्री लाईन आली की आपणही उठतो. पण शेतकरी कोण? ज्याचं नाव सातबाऱ्यावर. आपलं नाव तिथे नसलं तर पीककर्जही आपल्या नावानं मिळणं कठीण. म्हणजे श्रेयाचं क्रेडिट नाही, म्हणून कर्जाचंही नाही. पुष्कळ वर्षांपूर्वी शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालवली होती. नवऱ्यानं जमिनीचा वाटा बायकोच्या नावावर करावा, असं ती सांगत होती. तेव्हा कितीतरी घरांत ते झालं. आपल्या घरात झालं का, हे आज जेवताना एकदा विचारून पाहा. भांडण नको, फक्त विचारा.

आता राहिलेली गोष्ट. आम्ही दहा जणींनी बसून ठरवलं की वाटून घेतले तसे वाटून भरायचे. ज्यांना जमलं नाही त्यांना गटाच्या बचतीतून आपसात कर्ज दिलं. नऊ महिने लागले. शेवटच्या पासबुकात त्या खात्यावर शून्य आलं. त्या शून्याचा एवढा आनंद होईल असं कधी वाटलं नव्हतं.

पण त्याआधी एक मोठं देणं होतं. एका संध्याकाळी आम्ही नऊजणी सचिव ताईंच्या घरी गेलो. आमच्यातल्या म्हाताऱ्या आजी म्हणाल्या, “बाई, तू थांबा म्हनलं होतं. आमीच आयकलं नाही. चूक आमची हाये.” ताई काही बोलल्या नाहीत, आत जाऊन चहा ठेवला. आम्ही नेलेली वही त्यांनी मांडीवर घेतली आणि दोन महिन्यांच्या नोंदी विचारू लागल्या. पुढच्या बैठकीत त्यांनी एक अट घातली, “आता एकटीनं वाचनार नाही. समद्या शिका.” त्या दिवसापासून दर बैठकीत आम्ही बँकेतून आलेला एक कागद उघडतो आणि सगळ्या मिळून वाचतो. आजींना आता सीआर आणि डीआर ही अक्षरं ओळखता येतात. चष्मा लावून त्याच पहिल्यांदा सांगतात.

तर पुढच्या बैठकीत तुम्हीही एवढं करा. गटाचं पासबुक मधे ठेवा आणि चार प्रश्न विचारा. हे पैसे कोणी कोणाला दिले? परत द्यायचे आहेत का? व्याज किती आणि कधीपासून? आणि हे लिहिलेलं कुठे आहे? या चार प्रश्नांची उत्तरं मिळाली की क्रेडिटचा कोणता अर्थ आहे ते आपोआप कळतं. उत्तर मिळालं नाही तर सही थांबवा, दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. विचारणं हा आपला हक्क आहे, त्यात लाज नाही.

आणि तुमच्या गटात कोणी “थांबा, पुसून घेऊ” म्हणत असेल, तर त्या बाईचं त्या दिवशीच ऐका.

आज एवढंच.